मायची अर्धी वाकळ

इथले भुताखेतांचे अनुभव मी बरेच दिवस वाचते आहे, आणि खरं सांगायचं तर वाचून हसते. आज माझ्यावरच लिहायची वेळ आली आहे, तेव्हा ज्यांना हसायचं असेल त्यांनी खुशाल हसावं. मी राग मानणार नाही.

आमच्या घरात देव्हारा नाही. आजोबांच्या पिढीनं धम्म घेतला तेव्हा देव, नवस, अंगारे-धुपारे सगळं घराबाहेर गेलं आणि परत आलं नाही. त्यातून मी हायस्कूलला विज्ञान शिकवते. लिंबातून रक्त काढून दाखवणाऱ्या बाबा लोकांची हातचलाखी मी दरवर्षी आठवीच्या मुलांना प्रयोग करून समजावते. आणि जिच्याबद्दल लिहिते आहे ती बाई तर माझ्याही वरताण होती. माझी आई... आम्ही तिला माय म्हणायचो. गल्लीत कुणाच्या अंगात आलं की माय दारात उभी राहून म्हणायची, "तिला आदी च्या द्या गं, उपाशी असंल ती."

आमचं घर उस्मानपुऱ्यात आहे. खाली दोन खोल्या, वर दोन. माझे मिस्टर गेल्यावर माय सोबतीला म्हणून आली ती कायमचीच राहिली. खालची रस्त्याकडची खोली तिची. खिडकीशी वेताची खुर्ची आणि भिंतीला लागून एक पत्र्याची पेटी. त्या पेटीला कुलूप असतं आणि किल्ली माझ्या स्कूटीच्या किल्लीच्या जुडग्यात. किल्ली एकच आहे. हे लक्षात ठेवा, पुढं लागेल.

माय गंगापूरकडची. लहानपण दुसऱ्याच्या रानात कापूस वेचण्यात गेलं, शाळेचं तोंड तिनं बघितलं नाही. लग्न होऊन शहरात आली तेव्हा वडील मजुरीला जायचे आणि माय वाकळी शिवायची. गोधडीला आमच्याकडे वाकळ म्हणतात. जुनी लुगडी, धोतरं, विटलेले शर्ट यांचे थर लावायचे आणि कडेनं टाका धरून आत आत येत राहायचं, चौकोनात चौकोन, शेवटी मधोमध. आधी घरच्यांसाठी, मग गल्लीसाठी, मग सांगून येणाऱ्या लोकांसाठी. मी आणि माझा भाऊ त्या वाकळींवर शिकलो.

पण मायची खरी कला दिसायची ती वाकळीच्या मधोमध. तिथं ती रंगीत चिंध्या कापून एखादं जनावर नाहीतर पाखरू जोडायची आणि लाल दोऱ्यानं त्याचे डोळे, चोच, मिशा काढायची. घरातल्या प्रत्येक मुलाचं जनावर ठरलेलं. मी साळुंकी, कारण बडबडी. भाऊ बोकड. माझी मुलगी प्रज्ञा म्हणजे गोगलगाय, डॉक्टरांनी दिलेली तारीख उलटून गेली तरी बाईसाहेब यायला तयार नव्हत्या म्हणून. जावयाला तिनं लग्नात उंट दिला. "मान बघ की त्याची," एवढंच म्हणाली. बिचारा शेंद्र्याला कंपनीत मोठ्या पदावर आहे, हाताखाली माणसं आहेत, आणि अजून उंट पांघरून झोपतो.

एक नियम मात्र पक्का होता. मूल जन्मल्याशिवाय ती मधलं चित्र काढायची नाही. कडेपासून शिवत आणायची आणि तळहाताएवढी जागा कोरी ठेवून थांबायची. मी एकदा कारण विचारलं होतं.

"तोंड बघितल्याबिगर कसं कळंल, कोण आलंय ते?"

मला ते उत्तर फार आवडलं होतं. मी ते कौतुकानं स्टाफरूममध्येही सांगितलं होतं.

तिच्या टाक्याची आणखी एक खूण. चौकोन शिवताना कोपरा आला की ती एक टाका आडवा घालायची. वळणावर दम खायला, असं म्हणायची. कितीतरी बायकांनी तिच्याकडे बसून वाकळ शिकून घेतली, पण तो आडवा टाका कुणाला तसा जमला नाही. मला तर साधं बटणही धड लावता येत नाही.

शेवटच्या काही वर्षांत तिची नजर गेली म्हणायला हरकत नाही. टाका बोटांना पाठ होता, पण सुई ओवता येईना. मग रोज सकाळी शाळेत निघण्याआधी मी सुया ओवून द्यायच्या असं ठरलं. घाईत मी विसरायचे. त्यावर तिनं आपला उपाय काढला. रिकामी सुई माझ्या पर्सच्या पट्ट्यात टोचून ठेवायची. पर्स खांद्याला लावायला गेले की बोटाला लागायची.

"सुजे, सुई ववल्याबिगर उंबरा वलांडायचा नाय."

मी वैतागायचे, ती हसायची, आणि मी पर्स खाली ठेवून सुया ओवायला बसायचे. पर्सला सुई म्हणजे थांब, जाऊ नको... एवढाच अर्थ. आमच्या घरात तो सगळ्यांना ठाऊक होता.

आता प्रज्ञाबद्दल सांगते. तिची आधीची दोन्ही गरोदरपणं अर्ध्यावर राहिली. दुसऱ्या वेळी तर पाचवा महिना लागला होता. त्यानंतर ती बोलायचीच बंद झाली होती. गेल्या वर्षी पुन्हा दिवस राहिले तेव्हा आम्ही कुणालाच सांगितलं नाही. मायला सांगितलं, तेही पाचवा सुखरूप पार पडल्यावर. त्याच दुपारी तिनं पेटी उघडायला लावली, माझी एक जुनी सुती साडी, प्रज्ञाचा शाळेचा फ्रॉक आणि माझ्या वडिलांचा निळा शर्ट बाहेर काढला आणि छोटी वाकळ मांडली.

ती अर्धीच राहिली. एका दुपारी माय खुर्चीत बसल्या बसल्या गेली. मांडीवर वाकळ, सुई तिच्यात टोचलेली, चष्मा नाकावर. चहा घेऊन गेले तेव्हा मला वाटलं डुलकी लागली असेल.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी, म्हणजे आमच्यातल्या दिवसकार्याला, नातेवाईक तिच्या वाकळी आठवण म्हणून घेऊन गेले. ही अर्धी मात्र मी सुईसकट पेटीत ठेवली आणि कुलूप लावलं, कारण ती दिसली की प्रज्ञाला रडू यायचं. बाळंतपणासाठी ती माझ्याकडेच आली होती आणि रडणं तिला चालणार नव्हतं.

काही दिवसांनी, एका सुट्टीच्या सकाळी, मी डांबरगोळ्या टाकायला पेटी उघडली. सुईत दोरा नव्हता. निसटला असेल. रोजचीच सवय... मी रिळाचा पांढरा दोरा घेतला, सुई ओवली, पुन्हा वाकळीत टोचली आणि पेटी बंद केली. हात हे सगळं आपोआप करत होते. मग मात्र मी तिथंच जमिनीवर बसून पोटभर रडले.

दुसऱ्यांदा पेटी उघडली ती मायचा चष्मा आत ठेवायला. सुई पुन्हा रिकामी. वाकळीवर एक ओळ जास्त होती.

आपलीच नजर चुकली असेल असं कुणालाही वाटेल, मलाही वाटलं. मी मोबाइलवर फोटो काढला, सुई ओवली आणि कुलूप लावलं. दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्या आल्या पर्स न उतरवता पेटी उघडली. दोरा संपलेला. फोटोत जिथं टाका थांबला होता तिथून तो पुढं गेला होता, कोपऱ्यावर वळला होता, आणि वळणावर तो आडवा टाका होता.

पहिला विचार प्रज्ञाचाच आला. वर जाऊन मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "तू पेटी उघडली होतीस का गं?"

"किल्ली तू शाळेत नेतेस, आई," ती म्हणाली. "आणि मला ती वाकळ बघवत नाही, माहीत आहे ना तुला?"

खरंच होतं ते. तरी मी एक प्रयोग केला. सुई ओवून ठेवली, पेटीला कुलूप लावलं आणि झाकणाच्या फटीवर कागदाची पट्टी चिकटवून तिच्यावर आडवी सही केली. संध्याकाळी पट्टी जशीच्या तशी. सही तुटलेली नाही. आत दोरा संपलेला. मग उलटा प्रयोग केला, सुई मुद्दाम रिकामी ठेवली. त्या दिवशी एक टाकाही पुढं गेला नव्हता.

म्हणजे मी सुई ओवली तरच काम पुढं सरकत होतं.

यापुढं जे लिहिते ते वाचून लोक मला वेडी म्हणतील. मला भीती वाटली, पण ती टिकली नाही. मला बरं वाटायला लागलं. सकाळी डबा भरायचा, पेटी उघडायची, सुई ओवायची आणि शाळेला जायचं. संध्याकाळी बघावं तर माय तेवढी पुढं गेलेली. ती गेल्यावर पहिल्यांदा मला घरात शिरताना जड वाटेना. चौकोन लहान लहान होत चालला होता. कोरी जागा आता ताटाएवढी दिसत होती, मग वाटीएवढी.

त्याच आठवड्यात गया मावशी आली. माझी सख्खी मावशी, मायच्या पाठची. गंगापूरहून जीपनं आली, प्रज्ञासाठी लाडू घेऊन. प्रज्ञा वर झोपली होती. मला राहवेना. मायची शेवटची वाकळ दाखवते म्हणून मी पेटी उघडली.

मावशीनं वाकळ हातात घेतली, टाक्यावरून बोट फिरवत आत आत आली आणि थांबली.

"माझ्या भैनीला जाऊन किती दिस झाले? मी मयताला आले व्हते तवा ही अर्धीच व्हती. कोण शिवायलंय ही?"

मी तिला सगळं सांगितलं. ती ओरडली नाही, की काही मंत्र पुटपुटली नाही. वाकळ मांडीवर ठेवून मधल्या कोऱ्या जागेवरून हात फिरवत राहिली.

"तुझ्या आदी एक झालं व्हतं तिला," ती म्हणाली. "पोरगा. तुला ठाव नसंल."

मला ठाऊक नव्हतं.

"नवं लगीन, लई हौस. पोटात असतानाच वाकळ पुरी केली तिनं. मदी मोर काढला. असला मोर की आख्खं गाव बघाया आलं. पोरगं झालं ते रडलंच नाय. त्या मोरावरच निजवून न्हेलं त्याला." मावशीनं पदर तोंडाला लावला. "तवापसून मदली जागा तिनं कदी आदी भरली नाय. तुला काय सांगितलं व्हतं तिनं?"

"तोंड बघितल्याशिवाय कळत नाही, कोण आलंय ते."

"मग खरंच सांगितलं की. त्याचं तोंड तिला धड बघू दिलं नव्हतं कुणी."

मी कितीतरी वर्षं तिचं ते वाक्य गंमत म्हणून लोकांना सांगत होते.

जाताना मावशीनं दारात माझा हात घट्ट धरला. "सुजा, तू शिकलेली हायेस. मी काय सांगावं तुला? पण आता सुई ववू नको."

आणि मी ओवली नाही. विज्ञानाची शिक्षिका... मावशीच्या एका वाक्यावर पेटीला कुलूप लावून मोकळी झाले. पेटीजवळ जाणंही बंद केलं. मनाला शंभर वेळा सांगितलं की चार चिंध्या आणि दोऱ्यानं कुणाच्या पोटातल्या बाळाचं काही होत नसतं. दुसरं मन म्हणायचं, मग ओव ना सुई. तेवढं धाडस माझ्यात नव्हतं. माय ती वाकळ पुरी का करत होती? जो नियम तिनं जन्मभर पाळला तो आता मोडत होती का? की मध्ये थांबणारच होती, आणि मीच तिचा हात अडवला होता? वर प्रज्ञाच्या पावलांचा आवाज आला की मी हातातलं काम सोडून जिन्याकडे बघायचे. तिला यातलं काही सांगितलं नव्हतं. ती आपली कॅलेंडरकडे बघत दिवस ढकलत होती. आठवा संपत आला होता.

मग ती सकाळ आली.

शाळेत परीक्षा सुरू होती, माझं सुपरव्हिजन होतं. मी साडी नेसून, डबा घेऊन दाराशी आले. खुंटीवरची पर्स काढून खांद्याला लावायला गेले आणि अंगठ्याला काहीतरी लागलं.

पट्ट्यात सुई टोचलेली होती. रिकामी.

बाहेर भाजीवाला ओरडत होता तो आवाज लांबून आल्यासारखा वाटत होता. मग मी मायच्या खोलीत गेले आणि पेटी उघडली. कुलूप जसंच्या तसं होतं. वाकळ तेवढीच शिवलेली होती, एक टाका पुढं नाही. तिच्यात टोचून ठेवलेली सुई मात्र नव्हती.

मीच कधीतरी सवयीनं काढून पट्ट्यात टोचली असेल का? असेलही. हा विचार मी तेव्हाही केला, आजही करते. पण उंबरा ओलांडायला पाय उचलेना. शाळेत फोन करून कळवलं की येत नाही, आणि वर गेले.

प्रज्ञा पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"बरं वाटतंय ना गं?"

"हो की. तू गेली नाहीस?"

"चल, डॉक्टरांकडे जाऊन येऊ."

"आज कशाला? पुढच्या आठवड्यात आहे ना चेकअप?"

"बीपी बघून येऊ. मला वेळ आहे आज."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी नजर चुकवून तिची फाइल शोधायला लागले. रिक्षात मी पर्स मांडीवर घट्ट धरून बसले होते आणि सुईवर अंगठा ठेवला होता.

दवाखान्यात डॉक्टर मॅडमनी विचारलं, "काय त्रास होतोय?" मी काय सांगणार होते? माझ्या मेलेल्या आईनं पर्सला सुई टोचली म्हणून? तोंडाला येईल ते बोलून गेले. म्हटलं, "सकाळपासून बाळाची हालचाल कमी वाटतेय."

प्रज्ञानं चमकून माझ्याकडे बघितलं. तिचे डोळे भरून आले.

"सकाळपासून नाही, मॅडम," ती म्हणाली. "कालपासून."

मॅडमनी लगेच तिच्या पोटाला पट्टे बांधले, मशिन लावलं. बाळाच्या ठोक्यांचा आवाज येत होता, पण मध्येच तो हळू पडायचा आणि मॅडमच्या चेहऱ्यावरचे भाव बदलायचे. पळापळ सुरू झाली. कुणीतरी माझ्यापुढं ऑपरेशनच्या परवानगीचा कागद धरला, मी सही केली. आत नेताना प्रज्ञा माझा हात सोडेना. "मला कळत होतं गं," ती म्हणत होती, "पण बोलले की ते खरं होईल असं वाटत होतं..."

जावई शेंद्र्याहून येईपर्यंत सगळं होऊन गेलं होतं. मुलगी झाली. गळ्याभोवती नाळेचे वेढे होते. मूठभर जीव, पण रडली. दारापलीकडून तो आवाज आला तेव्हा मी दाराला कान लावून तो ऐकत राहिले. मॅडम बाहेर आल्या आणि एवढंच म्हणाल्या, "बरं झालं आजच आणलंत." मी पर्सकडे बघितलं. पट्ट्यात सुई नव्हती. धावपळीत कुठंतरी पडली असेल म्हणून मी विषय सोडून दिला.

बाळ बरेच दिवस काचेच्या पेटीत होतं. ते घरी आलं त्या दुपारी प्रज्ञा झोपली, जावई औषधं आणायला गेला आणि नात माझ्या मांडीवर आली. तिला घेऊनच मी मायच्या खोलीत गेले. वेताच्या खुर्चीत बसले, एका हातानं तिला सांभाळत पेटी ओढली आणि उघडली.

वाकळ तशीच होती. शेवटची ओळ कोऱ्या जागेच्या कडेला येऊन थांबलेली, मी सोडली होती तिथंच. आणि कोऱ्या जागेच्या बरोबर मधोमध सुई टोचलेली होती. तिच्यात दोरा होता, लाल.

मायचं लाल दोऱ्याचं रीळ ती असतानाच संपलं होतं. नवीन आणायचं राहूनच गेलं होतं. घरात लाल दोरा नव्हता.

त्यानंतर मी सगळ्या शक्यता पडताळून बघितल्या. मी झोपेत चालत असेन म्हणून जावयाला माझ्यावर लक्ष ठेवायला सांगितलं. भावनेच्या भरात माणूस काय काय करतं आणि विसरतं, तेही वाचून काढलं. पट्टी, कुलूप, किल्ली, फोटो, आडवा टाका... एका गोष्टीला लावलेलं कारण दुसरीला लागू पडत नाही. माय असती तर हे माझ्याकडून वाचून घेऊन म्हणाली असती, "शिकल्या-सवरल्या बाईनं असलं लिव्हावं व्हय?" आणि मी मान खाली घालून ऐकून घेतलं असतं. भूत आहे असं मी आजही म्हणत नाही.

मात्र एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. इतकी वर्षं सकाळी उठून मी तिला सुई ओवून दिली. त्या दुपारी पहिल्यांदाच कुणीतरी माझ्यासाठी ओवून ठेवली होती. मधलं चित्र तिनं काढलं नव्हतं. ते माझ्यावर सोडलं होतं.

मी नातीच्या तोंडाकडे बघत बसले. टाळूवर उभे राहिलेले केस, नाकाचा शेंडा सारखा हलता, दोन्ही मुठी हनुवटीखाली धरलेल्या. बराच वेळ बघितल्यावर मला कळलं, कोण आलंय ते. खारूताई. मग मी माझ्या एका तपकिरी ब्लाउजचा तुकडा कापला आणि आयुष्यात पहिल्यांदा वाकळीवर सुई चालवली. बोटं टोचून घेतली, शेपूट वाकडी झाली. जावई म्हणतो ते मुंगूस आहे. पोरगी मात्र त्याच्यावरच झोपते. डोळे काढून मिशांपर्यंत आले आणि लाल दोरा संपला. मी रिकामी सुई काढली, आणि का कोण जाणे, उठून ती माझ्या पर्सच्या पट्ट्यात टोचून ठेवली. अजून तिथंच आहे.